मांडीवरचं वाचन



या व्याख्यानमालेला ज्यांचं नाव आहे, त्या बाईंनी जवळजवळ सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर केली. मुख्याध्यापिका झाल्यावरही पहिलीचा वर्ग त्यांनी मागून घेतला, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून आजचा विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. तीन ते सात वर्षांचं मूल वाचायला कसं लागतं आणि त्यात घराचा वाटा किती, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

शाळेत काय व्हावं हे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. घराचा विषय निघाला की मात्र ‘पालकांनी लक्ष द्यावं’ एवढ्यावर बोलणं आटोपतं. लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मग पालक त्यांना ठाऊक असलेली एकच गोष्ट करतात, घरात शाळा भरवतात. संध्याकाळी सात वाजता कुठल्याही वाड्यावस्तीत, चाळीत, सोसायटीत जा. साडेतीन वर्षांचं पोर दुरेघी वही पुढ्यात घेऊन बसलेलं असतं. ‘अ’च्या पाच ओळी काढायच्या असतात. दुसऱ्या ओळीत त्याची बोटं दुखायला लागतात, कारण पेन्सिल दाबून धरण्याइतकी ताकद अजून त्या बोटांत आलेलीच नसते. आई पोळ्या लाटता लाटता ओरडते, बाबा मोबाईलवरून मान वर करून ‘नीट काढ’ म्हणतात, आणि पोर रडतं. रोज संध्याकाळी हेच चालतं. अक्षर आणि रडू यांची गाठ इतक्या लहान वयात बसली की पुढे ती सोडवायला वर्षं लागतात.

ही धडपड पोटतिडकीतून येते, हे मला माहीत आहे. ज्यांना स्वतःला शिकता आलं नाही त्यांची धडपड तर सगळ्यांत मोठी. म्हणूनच ती योग्य दिशेला लागावी असं मला फार वाटतं. घरानं शाळेची नक्कल करू नये. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना जे कधीच देता येणार नाही, ते घरापाशी आहे: एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि मुलाची स्वतःची बोली. वाचनाची सुरुवात या दोन गोष्टींतून होते. अक्षरं मागाहून येतात.

‘वाचता येतं’ असं आपण कधी म्हणतो? फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ साली याची एक सोपी मांडणी केली. अक्षरांवरून शब्द उलगडता येणं ही एक बाजू आणि ऐकलेली भाषा समजणं ही दुसरी. या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज म्हटलं असतं तर एका बाजूची उणीव दुसरीनं थोडीफार भरून निघाली असती. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्यच. खडाखडा वाचणारं पण काय वाचलं ते सांगू न शकणारं मूल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याची पहिली बाजू तयार झालेली असते, दुसरीकडे कुणी पाहिलेलंच नसतं. आणि ही दुसरी बाजू शाळेत जायच्या कितीतरी आधी घरात तयार होत असते.

‘असर’चं सर्वेक्षण तुम्हाला ठाऊक असेल. २००५पासून ‘प्रथम’च्या पुढाकारानं ते होतं. या सर्वेक्षणाचे कार्यकर्ते शाळेत न जाता घरी जातात, मुलाजवळ बसतात आणि त्याला अक्षरं, शब्द, छोटा उतारा आणि गोष्ट यांतलं काय वाचता येतं ते पाहतात. २०२२ साली देशभरात तिसरीतल्या फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. २०१८मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होतं; मधल्या काळात शाळा बंद होत्या. म्हणजे शाळा व्यवस्थित चालू होत्या तेव्हाही चारांतलं जेमतेम एक. हे आकडे आले की आपण शिक्षकांना धारेवर धरतो. पण पहिलीत येणाऱ्या मुलाशी आधीची सहा वर्षं कोण काय बोललं, हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका घरी मी मुक्कामाला होतो. तिथली आजी चौथी शिकलेली, नात चार वर्षांची. नातीजवळ एक चित्रांचं पुस्तक होतं, त्यात मजकूर जवळजवळ नव्हताच. सोप्यात दोघी बसल्या होत्या. आजी शेंगा फोडत होती आणि पुस्तक नातीच्या मांडीवर होतं. नात म्हणाली, “आज्जे, ह्यो बोकड रुसलाय.” आजीनं मान वर न करता विचारलं, “कशावरनं गं?” पोरीनं चित्र डोळ्यांजवळ नेलं, निरखलं आणि म्हणाली, “त्येचं कान खाली हाईत की.” मग आजीनं शेंगा बाजूला सारल्या आणि चित्रात पाहिलं. “आन् त्येची आय कुटं गेली?” “फुडच्या पानावर आसंल,” असं म्हणून पोरीनं पान उलटलं. आई तिथं नव्हती, विहीर होती. दोघी गप्प झाल्या. मग आजी म्हणाली, “आता गं?” आणि पुढची दहा मिनिटं बोकडाच्या आईचं काय झालं असेल याची चर्चा रंगली.

या दहा मिनिटांत वाचनाचा गाभा होता. चित्रात न सांगितलेली गोष्ट कानांच्या ठेवणीवरून ओळखायची, ती कशावरून ओळखली हे शब्दांत सांगायचं, पुढच्या पानावर काय असेल याचा अंदाज बांधायचा, आणि तो चुकला की नवा बांधायचा. आठवीतल्या मुलाला धडा वाचताना हेच करावं लागतं. इथं हे सगळं एकाही अक्षराविना चाललं होतं, आणि घडवून आणत होती चौथी शिकलेली बाई. तिनं केलं एवढंच, की ‘हा कोण? बोकड. हे काय? झाड’ अशी परीक्षा घेतली नाही. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली.

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली नेमकं हेच तपासलं. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांचे त्यांनी दोन गट केले. दोन्ही गट मुलांना पुस्तकं वाचून दाखवत होतेच. एका गटाला फक्त एवढं शिकवलं, की वाचताना मुलाला बोलतं करा, ‘हो-नाही’पुरते प्रश्न विचारू नका, मूल जे बोलेल त्यात भर घालून ते परत म्हणा. एका महिन्यात या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांमध्ये दुसऱ्या गटाच्या काही महिने पुढे गेली. दोन्हींकडे मुलांना वाचून दाखवणं चालूच होतं. निराळं होतं ते मुलाच्या तोंडून किती यायचं, हे.

म्हणून ज्या आईबापांना वाटतं की आपल्याला लिहितावाचता येत नाही तर आपण काय मदत करणार, त्यांना मला सांगायचं आहे की मुलाच्या वाचनाचा मोठा भाग तुमच्या हातात आहे. चित्रांचं एक पुस्तक, किराणा बांधून आलेला छापील कागद, नाहीतर भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आणि बोलायचं ते आपल्या बोलीत. ही गोष्ट मला आग्रहानं सांगायची आहे, कारण मुलाशी ‘शुद्ध’ बोलण्याच्या काळजीनं कितीतरी आया गप्प होतात. ज्या भाषेत आईला भांडता येतं, समजूत घालता येते, घडलेली हकिकत खुलवून सांगता येते, त्या भाषेत ती मुलाशी भरपूर बोलते. उसन्या भाषेत ती फक्त हुकूम सोडते: बस, खा, लिही, झोप. हुकमांवर वाढलेल्या मुलाला ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’, ‘नाहीतर’ हे शब्द भेटत नाहीत, आणि पुस्तकातलं वाक्य तर याच शब्दांवर उभं असतं. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, वारली, गोंडी, कातकरी, जी घरची असेल ती बोला. प्रमाण मराठी पुस्तकातून येईलच. तिला बसायला जागा लागते आणि ती जागा घरची बोली तयार करते.

इंग्रजी माध्यमात मूल घातलेल्या पालकांनाही मी हेच सांगतो. शाळा इंग्रजी आहे म्हणून घरातलं मराठी बोलणं आटवू नका. आईवडील तोडक्या इंग्रजीत बोलू लागले की मुलाच्या वाट्याला दोन्हीकडून पातळ भाषा येते. आपल्या भाषेत गोष्ट समजून घेण्याची, तिच्यावर विचार करण्याची सवय लागलेलं मूल ती सवय घेऊनच इंग्रजीत जातं. न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये मराठी शाळा चालवणारे पालक मला हाच प्रश्न विचारतात, आणि त्यांनाही माझं उत्तर हेच असतं.

आता अक्षरांकडे येतो. अक्षरं शिकवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. फक्त आपल्या लिपीचा स्वभाव ओळखून शिकवावीत. देवनागरी एका अर्थी फार प्रामाणिक आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे पाच उच्चार असतात. आपल्याकडे ‘म’ म्हणजे ‘म’च. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चिमणी’तला ‘च’, ‘जागा’तला ‘ज’ आणि ‘जीव’मधला ‘ज’ असे थोडे अपवाद आहेत. पण ते शब्द मुलाच्या तोंडात आधीच असल्यामुळे त्याला ते नडत नाहीत. ‘कमळ’मधला शेवटचा ‘ळ’ आपण पूर्ण उच्चारत नाही, हेही मराठी मूल न शिकवता जाणतं.

अडचण वेगळीच आहे. अक्षरांचा पसारा मोठा आहे. तिसाहून अधिक व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास रूपं, आणि जोडाक्षरं निराळी. ‘किल्ला’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते आणि ऐकू मात्र नंतर येते. एकटा ‘र’ बघा: ‘रस’, ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’, ‘सुऱ्या’. दर वेळी त्याचा चेहरा निराळा. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतल्या मुलांचा बारकाईनं अभ्यास केला. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच, आणि तिथं अक्षरांचा हा साठा नीट हाताशी यायला मुलांना चौथीपर्यंत आणि त्याही पुढे वेळ लागतो असं दिसलं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं वर्षभरात येतात, त्या हिशेबानं आपण मराठी मुलाला मोजतो आणि पहिलीच्या दिवाळीत ‘अजून याला वाचता येत नाही’ म्हणून हवालदिल होतो. मूल मागे पडलेलं नसतं, लिपीला तेवढा वेळ लागतोच.

पण वेळ लागतो म्हणजे तोवर अर्थाविना अक्षरं घोकायची, असंही नाही. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी अक्षरं संपल्यावर काना, मग वेलांटी, मग उकार, हा आपला जुना रस्ता. त्या रस्त्यानं मुलाला पहिलं कामाचं वाक्य वाचायला मिळेपर्यंत वर्ष निघून जातं. फलटणच्या मॅक्सीन बर्नसेन यांनी हा क्रम मोडला. त्या जन्मानं अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणची बोली अभ्यासायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. तिथल्या वस्त्यांमधली मुलं शाळेत जाऊनही वाचत नाहीत हे पाहून त्या कामाला लागल्या. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि त्यानंतर कमला निंबकर बालभवन ही शाळा. त्यांच्या पद्धतीत थोडी अक्षरं आणि सोबत एखादं स्वरचिन्ह सुरुवातीपासूनच येतं, म्हणजे मुलाला लगेच शब्द वाचता येतात.

घरी हे करून पाहा. ‘क’, ‘म’, ‘ल’, ‘र’ एवढीच अक्षरं आणि एक काना घ्या. काका, मामा, काम, लाल, मका, कमल, माल, मार, कर, राम, कमरा, मला. पाच चिन्हांत मुलाचं निम्मं गणगोत कागदावर येतं. पुठ्ठ्याचे तुकडे कापा, एकेकावर एकेक अक्षर मोठं लिहा आणि जमिनीवर पसरा. मूल ‘मामा’ जुळवतं, मग त्यातला एक ‘म’ उचलून ‘क’ ठेवतं आणि ‘कामा’ की ‘माका’ याचा विचार करत थांबतं. त्या थांबण्यात त्याचं डोकं किती वेगानं चालू आहे ते बघा. तेव्हा उत्तर सांगू नका. पेन्सिल नको, वही नको. लिहावंसं वाटलंच तर ताटात रांगोळी पसरून बोट फिरवू द्या. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात तेव्हा कुठलंच मूल रडत नाही, कारण तिथं कुणी ओळी मोजत नसतं.

अक्षरांच्या आधी कान तयार व्हावा लागतो, म्हणजे शब्द हा तुकड्यांचा बनलेला असतो हे कळावं लागतं. यासाठी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले खेळ कुठल्याही महागड्या साहित्याला मागे टाकतील. गावांच्या नावांच्या भेंड्या घ्या. ‘सातारा’ म्हटलं की ‘रा’वरून ‘राजापूर’, मग ‘र’वरून ‘रत्नागिरी’. शब्दाचा शेवट वेगळा काढून त्यावर नवा शब्द उभारायचा, हे पाच वर्षांचं मूल एसटीत बसल्या बसल्या करतं. थोड्या मोठ्या मुलांची ‘च’ची भाषा आठवा. ‘तुला’चं ‘चलातु’ होतं. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं, त्याच्या जागी ‘च’ बसवायचा आणि हे सगळं बोलण्याच्या वेगात करायचं. वाचनाच्या अभ्यासकांनी आखलेल्या चाचण्यांमध्ये शब्दांचे तुकडे असेच पुढेमागे करायला लावतात. आपल्या मुलांनी त्याचं गुपित केलं आणि मोठ्यांनी ‘काय वेड्यासारखं बोलताय’ म्हणून ते बंद पाडलं. ते बंद पाडू नका, त्या खेळात सामील व्हा.

छापील अक्षरं नाहीत असं घर आता दुर्मीळ आहे. ‘कालनिर्णय’चं पान महिन्याला उलटतं, ते उलटायचं काम मुलाकडे द्या. दूध आलं नाही त्या दिवशी फुली मारायची, सिलिंडर लागला ती तारीख लिहायची, आजीची एकादशी शोधून द्यायची. एसटीची पाटी दुरून वाचायची. दुकानातून आणायच्या जिनसांची यादी मुलाला विचारून लिहायची आणि दुकानात ती त्याच्याच हातात द्यायची. ‘साखर’ लिहिलंय म्हणून साखर मिळाली, हे त्या वयाला जादूसारखं वाटतं. लिहिलेलं काम करतं हे एकदा कळलं की मूल स्वतःहून ‘इथं काय लिहिलंय?’ विचारायला लागतं, आणि त्या प्रश्नापुढे आपल्याला फक्त हजर असावं लागतं.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केलं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथं त्यांच्यासोबत आल्या. माँटेसरीचं साहित्य विकत घेणं त्या गावाला परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पानं वापरली. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडी आली. पुढे १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नव्हती, तर शाळाच कुरणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर झालं. नाव पोचलं, पण मुलाच्या अंगणात, मुलाच्या बोलीत, हाताशी असलेल्या वस्तूंनी शिकवायचं हा त्यामागचा विचार आपल्या मध्यमवर्गीय घरांपर्यंतसुद्धा पोचलेला नाही. आपण अजून चकचकीत तक्ते विकत घेतो.

आता पुस्तकं. मांडीवर घेऊन वाचायला पुस्तक हवं, आणि तिथं प्रश्न पैशाचा येतो. मराठीत चांगली पुस्तकं नाहीत ही तक्रार आता खरी राहिलेली नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं आहेत. साधं घर, साधी माणसं, आणि मुलाला आपल्याच घरात पाहिल्यासारखं वाटावं अशी चित्रं. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या फोनवर उघडून मुलासोबत वाचता येतात. फोन मुलाच्या हातात एकट्याला दिला की बोलणं थांबतं, तेव्हा तिथंही मोठं माणूस शेजारी हवंच. पण पुस्तक हातात धरता येणं, पान उलटता येणं, तेच पुस्तक विसाव्यांदा मागता येणं, याला दुसरा पर्याय नाही. मूल तेच पुस्तक पुन्हा मागतं तेव्हा कंटाळू नका. पाचव्या वाचनाला ते एखादा शब्द तुमच्या आधी म्हणतं, दहाव्या वाचनाला त्या शब्दावर बोट ठेवतं.

अंगणवाडी सेविकेकडे किंवा मोलमजुरी करणाऱ्या घरात अशी पुस्तकं कुठून येणार? ती इथल्यासारख्या ग्रंथालयांतून यायला हवीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, आणि अ, ब, क, ड वर्गांतली अकरा-बारा हजार ग्रंथालयं आज गावोगावी आहेत. त्यांपैकी बहुतेकांत बालविभागाचं एक कपाट असतं, त्याला कुलूप असतं, आणि आत मोठ्या मुलांची चरित्रं आणि बोधकथा असतात. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी काहीच नसतं, कारण ते ‘वाचत नाही’. आत्तापर्यंत मी जे बोललो त्यात काही तथ्य वाटलं असेल, तर या वयाच्या मुलाला सभासद करून घ्यायला हवं.

या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. बालविभागाचं कपाट उघडं ठेवावं आणि खालचे दोन कप्पे सहा वर्षांखालच्या मुलांच्या चित्रपुस्तकांना द्यावेत. पुस्तक फाटलं तर दंड घेऊ नये. या वयाच्या मुलांची पुस्तकं फाटणारच, त्यासाठी वर्षाला थोडी रक्कम बाजूला काढावी. आणि आठवड्यातून एका संध्याकाळी आसपासच्या अंगणवाड्यांतल्या आया-आज्यांना मुलांसह इथं बोलवावं, बसायला सतरंजी टाकावी आणि घरी न्यायला पुस्तकं द्यावीत, त्यांना सही करता येवो वा न येवो. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हा विषय घेणार असाल तर पुस्तकांची पहिली यादी करून देण्याची आणि पहिल्या चार संध्याकाळी सतरंजीवर येऊन बसण्याची जबाबदारी मी घेतो.